कँटोनीजमधले ‘मत्’ अक्षर: अर्थ, उच्चार आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगमध्ये उतरले की मेट्रोचे दार, संग्रहालयातली काचपेटी, हॉटेलच्या खोलीची मूठ अशा सगळ्या ठिकाणी एक लहानसे, चार रेघांचे अक्षर भेटत राहते. हे अक्षर म्हणजे 勿. कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या काही भागांत बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेत, ते ‘मत्’ असे वाचतात. अर्थ एका ओळीत सांगून होतो, पण ते कुठे शोभते आणि कुठे विचित्र वाटते हे कोशात पाहून कळत नाही. कँटोनीज शिकणारे मराठी विद्यार्थी याच एका अक्षरावर इतके प्रश्न विचारतात की त्यांची उत्तरे एकत्र लिहून ठेवणे बरे वाटले.

‘मत्’चा नेमका अर्थ काय?

‘करू नये.’ मराठीतला ‘नये’ हा त्याला सर्वांत जवळचा शब्द आहे. ‘नाही’ नव्हे आणि ‘नको’ही नव्हे. ‘कृपया फुलांना हात लावू नये’, ‘येथे वाहने उभी करू नयेत’ या वाक्यांत जे काम ‘नये’ करतो, तेच काम ‘मत्’ करतो. सांगणारा कोण हे वाक्यात येत नाही, कोणाला सांगितले तेही येत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते लागू असते.

इंग्रजीतून कँटोनीज शिकणाऱ्याला इथे अडायला होते, कारण त्याच्याकडे ‘नको’ आणि ‘नये’ यांसाठी एकच शब्दरचना असते. आपल्याकडे हा भेद तयार आहे. मराठी माणसाने हे अक्षर इंग्रजी अर्थावरून पाठ करूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘नये’ हीच त्याची ओळख मनात पक्की करा, अर्धे काम तिथेच होते.

हे अक्षर ओळखायचे कसे आणि लिहायचे कसे?

रेघा चार. पहिली रेघ वरून सुरू होऊन तिरकी डावीकडे उतरते, ती छोटी असते. दुसरी तिच्या मधून निघते, उजवीकडे आडवी जाते, वळून खाली येते आणि शेवटी आतल्या बाजूला एक छोटा आकडा घेते. तिसरी आणि चौथी या दोन तिरक्या रेघा त्या वळणाच्या आत, एकमेकींना समांतर, वरून डावीकडे खाली उतरतात. झाले. पारंपरिक लिपीत आणि चीनमधल्या सरलीकृत लिपीत हे अक्षर अगदी एकसारखे आहे, त्यामुळे हाँगकाँगमध्ये शिकलेले ग्वांगझूमध्येही तसेच चालते.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांपासून जपा. आत आणखी एक लहान तिरका ठिपका आला की ते ‘घाई’ अर्थाचे वेगळे अक्षर होते, त्याचा उच्चार ‘छुंग’. आतल्या दोन रेघांची मांडणी बदलली तर आणखी तिसरेच काही. छापील मजकुरात फरक दिसतो, पण हाताने लिहिलेल्या पाटीवर शेजारची अक्षरे पाहूनच ठरवावे लागते.

हेच अक्षर मोठ्या अक्षरांचा भाग म्हणूनही येते. डावीकडे बैल आला की ‘वस्तू’, खाली हृदय आले की ‘अचानक’ किंवा ‘दुर्लक्ष करणे’, डोक्यावर सूर्य आला की ‘सोपे’ किंवा ‘बदलणे’. ही तिन्ही अक्षरे आठ रेघांची आहेत. त्यांतले ‘वस्तू’चे अक्षर ‘मत्’ असेच उच्चारले जाते, कारण तिथे आपले अक्षर केवळ ध्वनी दाखवायला बसले आहे. ‘अचानक’चे अक्षर ‘फ़त्’ होते. ओठांवरचा आरंभ बदलला, शेवटचा ‘त्’ राहिला.

उच्चार नीट कसा करायचा?

इथे मराठी जिभेला तीन गोष्टी आयत्या मिळतात आणि दोन मुद्दाम कमवाव्या लागतात.

आयती मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे स्वर. कँटोनीजमध्ये ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ हे वेगळे स्वर आहेत आणि त्यांनी शब्द बदलतो. ‘मत्’मध्ये आपला साधा ‘अ’ आहे. दुसरी गोष्ट ‘त’. तो दातांजवळचा, ‘तबला’तला आहे, ‘ट’ नव्हे. तिसरी गोष्ट या एका अक्षरापुरती नाही, पण शेजारच्या अक्षरांसाठी फार मोलाची आहे: कँटोनीज ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ यांत फक्त श्वासाच्या झोताने फरक करते. आपण हे बाळपणापासून करतो. म्हणूनच या पानावर मी सगळे उच्चार देवनागरीत दिले आहेत. त्यात ‘फ’ म्हणजे ‘फळ’ म्हणताना ओठ मिटून सोडतो तो, आणि ‘फ़’ म्हणजे ‘ऑफ़िस’मधला. ‘छ’ हा ‘च’चा श्वासयुक्त जोडीदार समजा, मात्र जीभ दातांकडे थोडी पुढे.

कमवायची पहिली गोष्ट शेवटचा ‘त्’. जीभ वर टेकते आणि तिथेच थांबते, सुटत नाही. ‘मत दिले’ म्हणताना आपण ‘त’ हलकेच सोडतो. कँटोनीजमध्ये तो अडवलेलाच राहतो आणि अक्षर खटकन संपते. ‘मत्’ म्हणून जीभ टेकलेली ठेवा आणि लगेच पुढचा शब्द सुरू करा.

दुसरी गोष्ट स्वरोच्चता, म्हणजे टोन. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ साली ‘ज्यूतपिंग’ नावाची रोमन लेखनपद्धत दिली, तिच्यात सहा टोन आहेत आणि ‘मत्’चा टोन सहावा: खालच्या पट्टीत, सपाट, न हलणारा. जुन्या पुस्तकांत तुम्हाला नऊ टोन दिसतील. अडवलेल्या ‘प्’, ‘त्’, ‘क्’ने संपणाऱ्या अक्षरांचे टोन तिथे वेगळे मोजलेले असतात आणि ‘मत्’ नवव्यात जाते. गोंधळू नका, ध्वनी तोच आहे. पट्टी मात्र सांभाळायलाच हवी, कारण हाच ‘मत्’ उंच पट्टीत म्हटला की ‘काय?’ असा बोलीतला प्रश्न होतो. खालच्या पट्टीत राहिला तरी ‘वस्तू’, ‘मध’, ‘दाट किंवा गुप्त’ आणि ‘पायमोजा’ हे सगळेही ‘मत्’च आहेत. संदर्भावाचून नुसता ‘मत्’ ऐकून कोणालाच काही कळत नाही, हेही त्याच्या वापराचे एक कारण आहे. ते पुढे येईलच.

हिंदीतल्या ‘मत’शी याचा काही संबंध आहे का?

नाही. हा निव्वळ योगायोग आहे, पण इतका सुंदर योगायोग भाषा शिकताना क्वचित हाती लागतो. ‘मत छुओ’ आणि कँटोनीज ‘मत् चुक् मो’ (स्पर्श करू नये) यांत ध्वनी जवळजवळ तोच, अर्थ तोच आणि क्रियापदाच्या आधी येण्याची जागाही तीच. लक्षात ठेवायला हा आधार जरूर घ्या.

फक्त एक गोष्ट वेगळी आहे आणि ती महत्त्वाची आहे. हिंदीतला ‘मत’ घरात, रस्त्यावर, भांडणात कुठेही चालतो. कँटोनीजमधला ‘मत्’ तसा चालत नाही. त्याचे वजन ‘मा फलेषु कदाचन’ यातल्या ‘मा’सारखे आहे. गीतेतला तो ‘मा’ आपल्याला कळतो, आपण तो म्हणतोही, पण मुलाला ‘उन्हात जाऊ नकोस’ सांगताना वापरत नाही.

मग कँटोनीज बोलणारे लोक ‘मत्’ बोलतच नाहीत?

बोलतात, पण वाचून दाखवताना किंवा लिहिलेले उच्चारताना. हे समजायला हाँगकाँगची भाषिक रचना थोडी पाहावी लागते.

२०२१च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमधले सुमारे ८८ टक्के लोक रोजच्या व्यवहारात कँटोनीज बोलतात. पण शाळेतला निबंध, वर्तमानपत्रातली बातमी, सरकारी परिपत्रक हे सगळे ते जसे बोलतात तसे लिहीत नाहीत. लिखाण होते प्रमाण लिखित चिनीत, जिचे व्याकरण मँडरिनला, म्हणजे चीनच्या अधिकृत भाषेला, जवळचे आहे, आणि वाचन होते कँटोनीज उच्चारात. लिखित भाषेला ‘स्यू मिन् यू’ म्हणतात, बोलीला ‘हउ यू’. मूल पहिलीत जाते तेव्हा घरी बोलतो त्याहून वेगळे शब्द पुस्तकात भेटतात आणि ते शब्द कँटोनीज उच्चारात मोठ्याने वाचायला शिकते. ‘मत्’ हा त्या दुसऱ्या भाषेतला शब्द आहे. कोणाही कँटोनीज भाषकाला तो कळतो, पण जेवणाच्या टेबलावर कोणी वापरत नाही.

बोलीत त्याच्या जागी ‘म् होउ’ येते. पहिला ‘म्’ स्वराशिवाय, ओठ मिटून काढलेला, आणि तो एकटाच पूर्ण अक्षर असतो. ‘म्’ म्हणजे नकार, ‘होउ’ म्हणजे चांगले, आणि दोन्ही मिळून ‘नको’. याहून तुटक ‘मइ’ हा शब्द आहे. ‘मइ युक्!’ म्हणजे ‘हलू नको!’, हाँगकाँगच्या पोलिसी चित्रपटांत तो सारखा ऐकू येतो. हे बोलीतले नकार लिहायला खास कँटोनीज अक्षरे आहेत. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात तीच दिसतात, ‘मत्’ नाही.

ऐकायला ‘मत्’ कुठे मिळेल? १९७९ साली सुरू झालेल्या एमटीआर या मेट्रोच्या गाडीत. दारे मिटताना जी घोषणा होते ती ‘छिंग मत् खाउ कन् छे मुन्’, म्हणजे ‘कृपया दारांजवळ येऊ नये’. ध्वनिमुद्रित आवाज, शांत चाल, प्रत्येक स्थानकावर तेच वाक्य. उच्चार शिकायला याहून चांगला फुकटचा शिक्षक मला माहीत नाही. बातम्या वाचणारे, नाट्यगृहात प्रयोगाआधी सूचना देणारे, न्यायालयात निकाल वाचणारे यांच्याही तोंडी तो येतो. कँटोनीज चित्रपटगीतांचे आणि पॉप गाण्यांचे शब्दही बहुतांशी लिखित भाषेतच रचलेले असतात आणि कँटोनीज उच्चारात गायले जातात, म्हणून बोलीत न भेटणारे पुष्कळ शब्द गाण्यांतून कानावर पडतात.

मी दुकानात किंवा शेजाऱ्याशी बोलताना ‘मत्’ वापरले तर?

समोरच्याला कळेल, पण पाटी बोलू लागल्यासारखे वाटेल. अनोळखी माणसाला सभ्यपणे अडवायचे असेल तर ‘म् कोइ, म् होउ तिम्’ म्हणा: ‘प्लीज, हात नका लावू.’ ‘म् कोइ’ हा ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’ या दोन्हींसाठी दिवसभर चालणारा शब्द आहे. लहान मुलाला नुसते ‘म् होउ तिम्’ पुरे.

पाटीवरचा ‘कृपया’ वेगळा आहे, तो ‘छिंग’. गंमत अशी की त्याच अक्षराला बोलीत ‘छेंग’ असा दुसरा उच्चार आहे. कोणाला जेवायला नेऊन बिल आपण भरायचे तेव्हा ‘छेंग’, पाटी वाचताना ‘छिंग’. एकाच अक्षराचे पुस्तकी आणि बोली असे दोन उच्चार असण्याचा प्रकार कँटोनीजमध्ये बराच आढळतो. ‘मत्’ला मात्र एकच उच्चार आहे, कारण बोलीत त्याला जागाच मिळाली नाही.

कोणत्या क्रियापदांबरोबर ‘मत्’ येते?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. ‘मत्’ एकटे औपचारिक होत नाही, ते सोबतच्या क्रियापदालाही औपचारिक कपडे घालायला लावते.

‘धूम्रपान करू नये’ या पाटीवर ‘छिंग मत् खप् यिन्’ असते. ‘खप्’ म्हणजे ओढून आत घेणे. बोलताना मात्र कोणी ‘खप् यिन्’ म्हणत नाही. बोलीत सिगारेट ‘खातात’: ‘सिक् यिन्’. म्हणून ‘म् होउ सिक् यिन्’ बरोबर, ‘छिंग मत् खप् यिन्’ बरोबर, पण ‘मत् सिक् यिन्’ कानाला खुपते. मराठीत ‘कृपया बिडी फुंकू नये’ अशी पाटी लावली तर जे वाटेल, तेच. स्पर्शाचेही तसेच. पाटीवर ‘चुक् मो’, तोंडी ‘तिम्’. फोटोचे तसेच. संग्रहालयात ‘छिंग मत् सिप् यिंग’, मित्राला ‘म् होउ यिंग सोएंग’.

पाटीवरची क्रियापदे बहुतेक दोन अक्षरांची असतात, त्यामुळे ‘छिंग मत्’ची दोन आणि क्रियापदाची दोन अशी चार अक्षरांची घट्ट जोडणी होते. हॉटेलच्या दाराला अडकवलेले ‘छिंग मत् ता यिउ’ (व्यत्यय आणू नये) हे असेच. चार अक्षरांत बसवण्याची ही ओढ चिनी लेखनात सर्वत्र आहे. त्यामुळे ‘मत्’ वेगळे पाठ करण्याऐवजी अशा पूर्ण चौकड्या पाठ करा. ध्वनीही नीट बसतो आणि ‘मध’ की ‘मोजा’ असा गोंधळ उरत नाही.

पाटीची भाषा औपचारिक असली तरी ती हाँगकाँगचीच असते, हेही पाहण्यासारखे आहे. ‘गाडी उभी करू नये’ यासाठी तिथे ‘छिंग मत् फाक् छे’ असे लिहितात. ‘फाक् छे’ हा तिथला स्थानिक शब्द आहे, चीनच्या मुख्य भूमीवर वेगळा शब्द चालतो.

व्याकरणाचे नियम थोडकेच. ‘मत्’ नेहमी क्रियापदाच्या आधी. त्याच्यापुढे बोलीतले ‘ला’, ‘आ’ असे वाक्यान्ती येणारे लाडिक शब्द लावायचे नाहीत. प्रश्नाचे उत्तर म्हणून एकटे ‘मत्’ म्हणायचे नाही. आणि मराठीत ‘नये’चे ‘नयेत’ होते तसे त्याचे काही होत नाही, एक वस्तू असो की शंभर.

‘पत्’ही नकार आणि ‘मत्’ही नकार. फरक काय?

‘पत्’ वस्तुस्थिती नाकारतो, ‘मत्’ कृती थांबवतो. आपल्याकडे ‘तो जात नाही’ आणि ‘त्याने जाऊ नये’ यांत जो फरक आहे, तोच.

दोन्ही एकाच वाक्यात पाहायचे असतील तर कन्फ्यूशियसच्या संवादांतले एक वचन आहे, जे हाँगकाँगमधल्या शाळकरी मुलांनाही येते: ‘केइ सो पत् युक्, मत् सी यू यन्.’ शब्दशः लावले तर: स्वतः जे इच्छित नाही, ते माणसांवर लादू नये. पहिल्या अर्ध्यात ‘इच्छित नाही’साठी ‘पत्’, दुसऱ्या अर्ध्यात ‘लादू नये’साठी ‘मत्’. जागा बदलून पाहा, वाक्य कोसळते. कन्फ्यूशियसचा काळ इसवीसनपूर्व ५५१ ते ४७९ मानतात, म्हणजे हा भेद किती जुना आहे ते कळते. हे वचन ‘संवादां’त दोनदा येते. ‘आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्’ हे आपल्याकडचे संस्कृत वचन ज्याला पाठ आहे, त्याला अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

मी विद्यार्थ्यांना हे आठ अक्षरांचे वाक्य पहिल्याच आठवड्यात द्यावे या मताचा आहे. त्यात ‘मत्’चे व्याकरण, गांभीर्य आणि लय तिन्ही आहेत.

बोलीत नकारांची संख्या आणखी वाढते. ‘मी सिगारेट ओढत नाही’ यात ‘म्’, ‘नव्हते, झाले नाही’ यात ‘मोउ’, ‘अजून नाही’ यात ‘मेइ’. मराठीत नाही, नको, नये, नव्हे, न असे वेगवेगळे नकार वापरणाऱ्याला यात नवे काही नाही, फक्त कोणता कुठे हे शिकायचे.

गांधीजींच्या तीन माकडांशी या अक्षराचा संबंध जोडतात, तो खरा आहे का?

त्याच ‘संवादां’त येन ह्वेइ नावाच्या शिष्याला दिलेले उत्तर आहे: ‘फ़ेइ लइ मत् सी, फ़ेइ लइ मत् थिंग, फ़ेइ लइ मत् यिन्, फ़ेइ लइ मत् तुंग.’ जे शिष्टाचाराला सोडून आहे ते पाहू नये, ऐकू नये, बोलू नये, करू नये. चार वेळा ‘मत्’. डोळे, कान, तोंड झाकलेली तीन माकडे जपानमधल्या निक्को इथल्या सतराव्या शतकातल्या कोरीव कामामुळे प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ अभ्यासक त्यांच्यामागच्या कल्पनेचे मूळ या वचनात पाहतात. भारतात ती गांधीजींमुळे घराघरांत पोचली. माकडे तीन, वचने चार. ‘करू नये’ सांगणारे चौथे माकड काही ठिकाणी दिसतेही.

एक सावधगिरी. ‘फ़ेइ लइ’ या जोडशब्दाचा आजच्या हाँगकाँगमधला रोजचा अर्थ ‘विनयभंग’ असा आहे. पोलिसांच्या जाहिरातीत तो दिसला तर कन्फ्यूशियस आठवू नका.

‘छिंग मत्’, ‘छित् मत्’ आणि ‘यिम् कम्’ यांत अधिक कडक कोण?

‘छिंग मत्’ ही विनंतीच्या रूपातली सूचना. ‘छित् मत्’ म्हणजे ‘कदापि करू नये’, यात काळजी आहे, तुमच्या हितासाठी सांगितलेले. १८८३ साली स्थापन झालेल्या हाँगकाँग वेधशाळेच्या वादळी इशाऱ्यांच्या वेळी समुद्रकिनाऱ्यापासून किंवा तुटलेल्या तारांपासून दूर राहायला सांगतात तेव्हा हाच सूर असतो. ‘कम् ची’ म्हणजे मनाई, ‘यिम् कम्’ म्हणजे सक्त मनाई, आणि इथे बोलणारा कायदा असतो.

पण पाटीवरच्या शब्दाच्या मऊपणावरून दंडाचा अंदाज बांधू नका. वानरांना खायला घालू नये, हे ‘छिंग मत् वइ ची’ असे विनवणीच्या भाषेत लिहिलेले असू शकते. १ ऑगस्ट २०२४पासून हाँगकाँगमध्ये वन्य प्राण्यांना आणि रानकबुतरांना खाऊ घालण्याबद्दल कमाल दंड १ लाख हाँगकाँग डॉलर आणि १ वर्ष कैद असा आहे.

कार्यालयात सर्वांत जास्त वेळा दिसणारे ‘छिंग मत्’ म्हणजे आपोआप आलेल्या ईमेलच्या तळाची ओळ: या ईमेलला उत्तर देऊ नये. ती ओळख म्हणून वाचून ठेवा. तुम्ही स्वतः ईमेल लिहिताना सहकाऱ्याला ‘छिंग मत्’ लिहिणे थोडे दूरचे वाटते. संपूर्ण गटाला सूचना देताना ते बरोबर बसते.

मँडरिनमध्ये आणि इतर भाषांत हे अक्षर आहे का?

आहे. मँडरिनमध्ये त्याचा उच्चार ‘वू’ होतो आणि तिथेही ते लिखितच आहे. एमटीआरची दाराची घोषणा कँटोनीजनंतर मँडरिनमध्ये होते तेव्हा ‘मत्’च्या जागी ‘पु याओ’ हे साधे बोलीतले रूप येते. एकाच गाडीत एका मिनिटाच्या आत दोन्ही ऐकता येतात.

‘मत्’ आणि ‘वू’ इतके वेगळे कसे? जुन्या चिनीतला आरंभीचा ‘म’ काही शब्दांत मँडरिनने ‘व’कडे नेला आणि शेवटचा ‘त्’ गाळला. कँटोनीजने दोन्ही राखले. ‘विचारणे’ म्हणजे कँटोनीज ‘मन्’, मँडरिन ‘वन्’. ‘विसरणे’ म्हणजे ‘मोंग’ आणि ‘वांग’. ‘दहा हजार’ म्हणजे ‘मान्’ आणि ‘वान्’. एकदा हा पट्टा लक्षात आला की दोन्ही भाषांतले डझनावारी शब्द आपोआप जुळतात.

शांघायच्या बोलीत मात्र हेच अक्षर रोजच्या साध्या ‘नाही’साठी लिहिण्याची जुनी प्रथा आहे. जपानीत ‘मोचिरोन’ (अर्थातच) आणि ‘मोत्ताइनाइ’ (वाया घालवू नये, हळहळ वाटावी असे) या शब्दांत ते बसले आहे.

मुळात हे अक्षर कशाचे चित्र होते?

इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शेन याने रचलेल्या अक्षरकोशात ते लोकांना एकत्र बोलावायच्या ध्वजाचे चित्र सांगितले आहे: एक काठी आणि तीन फडफडत्या पट्ट्या. दिंडीतली पताका वाऱ्यावर असावी तशी. मात्र त्याहून हजारभर वर्षे जुनी, हाडांवर कोरलेली रूपे सापडल्यावर अनेक संशोधकांना त्यात सुरी आणि तिच्याभोवतीचे कण दिसतात. दोन्हींपैकी काहीही मानले तरी ‘नये’ हा अर्थ चित्रातून निघालेला नाही. ध्वनी सारखा म्हणून अक्षर उसने घेतले गेले. त्यामुळे चित्रावरून गोष्ट रचून अर्थ लक्षात ठेवायचा आग्रह इथे सोडून द्या.

मकावमध्येही हेच चालते का?

हो, मकावही कँटोनीज बोलणारे आहे. गोव्याच्या वाचकांना तिथल्या पाट्या विशेष ओळखीच्या वाटतील, कारण चिनीखाली पोर्तुगीज असते आणि दोन्ही तिथे अधिकृत भाषा आहेत. पोर्तुगीज १५५७च्या सुमारास मकावमध्ये स्थिरावले आणि १८४४पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. जुन्या गोव्यात पोर्तुगीज पाट्या वाचत मोठे झालेल्या माणसाला मकावमध्ये खालच्या ओळीवरून वरच्या ओळीतला ‘मत्’ ओळखता येतो.

फोनवर किंवा संगणकावर ते टाइप कसे करायचे आणि कोणता कोश वापरायचा?

उच्चारावर चालणारा कँटोनीज कळफलक असेल तर ज्यूतपिंगप्रमाणे एम, ए, टी दाबा आणि यादीतून चार रेघांचे अक्षर निवडा. यादी लांब येईल, समध्वनी पुष्कळ आहेत. त्याआधी ‘छिंग’ही टाइप केलेत तर जोडी म्हणून ते पहिल्या क्रमांकाजवळ येते. आकारावर चालणाऱ्या ‘छोंगखित्’ पद्धतीत पी, एच, एच या कळा दाबायच्या. कळांची नावे हृदय, बांबू, बांबू. ही पद्धत चू पोंगफ़ू यांनी १९७६ साली आणली आणि हाँगकाँगच्या कचेऱ्यांत ती अजून वापरात आहे. काहीच जमत नसेल तर बोटाने पडद्यावर काढा, चारच रेघा आहेत.

कोशांपैकी ‘वर्ड्स डॉट एचके’ हा स्वयंसेवकांनी बांधलेला कँटोनीज कोश मला सर्वांत आवडतो, कारण शब्द लिखित आहे की बोलीतला याची खूण त्यात असते. अशा अक्षरासाठी ती खूणच मुख्य माहिती आहे. अक्षराची जुनी रूपे पाहायला हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाचा ऑनलाइन अक्षरकोश आहे.

‘मत्’ झाले. पुढे कोणते अक्षर घ्यावे?

‘मोउ’. बोलीतला ‘झाले नाही’चा ‘मोउ’ वेगळा. हाही लिखित भाषेतला निषेध आणि ‘मत्’चा जुना सोबती. ‘मोउ सोय’ म्हणजे ‘गरज नाही’, सरकारी अर्जांवर तो हमखास असतो: अमुक रकाना भरण्याची गरज नाही. ‘आई’च्या अक्षरासारखा तो दिसतो, पण आईच्या अक्षरात दोन ठिपके असतात आणि इथे त्यांच्या जागी एक सलग तिरकी रेघ. त्यानंतर ‘मिन्’ घ्या, जे खासगी जागेच्या दारावर ‘परक्यांना प्रवेश नाही’ या पाटीत भेटते. ही तीन वाचता आली की हाँगकाँगमधल्या बहुतेक सूचनाफलकांचा पहिला अर्धा भाग तुम्हाला वाचता येतो आणि उरलेल्या अर्ध्यात फक्त क्रियापद शोधायचे राहते.